साडभाऊंचं बिक्वीद

स्वतः धडधाकट, रोज वेळेवर शिफ्टला जाणारा, जेवायला बसला की दोनदा भात मागणारा, आणि तरीही घरातली एकूण एक वस्तू आपल्या पश्चात कुणाची हे जाहीर करून मोकळा झालेला माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडभाऊ होता, हे मी सीताबर्डीच्या भर चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. आमच्या सासऱ्यांना दोन मुली. थोरली त्यांना दिली, धाकटी मला. आम्ही दोघंही एकमेकांना 'साडभाऊ' म्हणत असू, त्यामुळे नव्या पाहुण्याला वाटे की यांच्यातला एकजण सारखा स्वतःलाच हाका मारतो आहे. मी नागपुरातल्या महाल नावाच्या वस्तीत राहायचो आणि एका सरकारी कचेरीत खुर्ची उबवायचो. ते कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. राहायला तिथल्याच कॉलनीत. त्या कॉलनीत सकाळी दोरीवर घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होऊन घरात येई, पण साडभाऊंना त्याचं सोयरसुतक नसे. 'राख काय, झटकली का जाते,' असं म्हणून ते तोच सदरा घालून लग्नालाही जात.

त्यांना नाद एकच, इंग्रजी शब्दांचा. सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांना एक जाडजूड इंग्रजी कोश मिळाला होता. पुठ्ठा गेलेला, आणि 'ए' अक्षराचं प्रकरण वाळवीने जवळजवळ संपवलेलं. त्यामुळे साडभाऊंचं इंग्रजी 'बी'पासून सुरू होई. हा कोश शब्दांचे नुसते अर्थ देत नसे, शब्द जन्मला कुठे, त्याचे आईबाप कोण, लहानपणी त्याला काय म्हणत, हे सगळं सांगे. साडभाऊ तो कादंबरीसारखा वाचत. कोराडीहून शहरात येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या माणसाला ते आधी नाव-गाव विचारत आणि लगेच कुठल्या तरी शब्दाचं कूळ सांगायला लागत. तो बिचारा एक स्टॉप अलीकडेच उतरून जाई. 'बी' अर्धाही झाला नसेल, तोच त्यांना तो शब्द भेटला, आणि पुढचा कोश वाचायचा कायमचा राहून गेला.

तो शब्द म्हणजे 'बिक्वीद'. त्या दिवशी ते दुपारच्या उन्हात स्कूटर हाणत महालात आमच्या घरी आले आणि पाणीही न पिता म्हणाले, "साडभाऊ, बिक्वीद म्हंजे काय सांगा बरं?" मी म्हणालो, "मृत्युपत्रानं एखाद्याला काही ठेवून जाणे." ते असे हसले, की माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सारी दुनिया हेच सांगते! अन् सारी दुनिया चुकून राहिली. त्याचा मूळ अर्थ हाय 'बोलणे'. नुसतं बोलणे! जुन्या इंग्रजीत 'क्वेदन' म्हंजे म्हणणे, सांगणे. जुन्या कवितेत 'क्वोथ' येते ना, 'म्हणाला' या अर्थानं, तो याचाच सख्खा भाऊ. तवा कागद कुठं होते लोकायपाशी? म्हातारा चार लोकायले बोलावे अन् तोंडानं सांगे, हे याचं, ते त्याचं. ज्यानं सांगतलं त्यानं देल्लं. ज्यानं नाही सांगतलं, तो तसाच गेला." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली आला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

झालं! त्या दिवसापासून साडभाऊ बिक्वीद करत सुटले. त्याचा विधीही त्यांनी ठरवून टाकला. देणाऱ्याने उभं राहायचं, चार लोकांसमोर मोठ्याने सांगायचं, आणि घेणाऱ्याने तितक्याच मोठ्याने 'ऐकलं' म्हणायचं. हे 'ऐकलं' आल्याशिवाय ते खाली बसत नसत. त्यांनी स्कूटर कॉलनीतल्या शेजाऱ्याला बिक्वीद केली. शेजारी 'ऐकलं' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून दर रविवारी चाकांतली हवा पाहायला येऊ लागला. पुढे पुढे तर तो फाटकात उभा राहून दम देई, "अजी, माह्या स्कूटरवर तुमी तिघं तिघं कायले बसता? स्प्रिंगा जातीन ना!" टेबलफॅन त्यांनी आमच्या बायकोला देऊ केला, तर ती लगेच म्हणाली, "ऐकलं. पण मे महिन्यापुरता आगाऊ मिळंन का?" एका लग्नात मंगलाष्टकं संपताच हे उठले आणि अंगातला लोकरी कोट त्यांनी नवरदेवाला बिक्वीद केला. नवरदेव भांबावून 'ऐकलं' म्हणाला. मुलीकडच्यांना वाटलं हा आहेर, म्हणून त्यांच्यातल्या एका उत्साही गृहस्थाने कोट तिथल्या तिथे उतरवून घेतला. माघ महिना होता. साडभाऊ कोराडीपर्यंत नुसत्या सदऱ्यावर स्कूटरने गेले, पण कोट परत मागायला तयार झाले नाहीत. "शब्द गेला, आता कोट गेला तर काय झालं?" असं म्हणाले, आणि आठवडाभर शिंकत राहिले.

नात्यातल्या एका वकिलांनी त्यांना एकदा बाजूला घेतलं. "अहो, हे कायद्यात बसत नाही. लेखी पाहिजे, सही पाहिजे, साक्षीदार पाहिजेत." साडभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी कायद्याचं बोलून राहिले, मी शब्दाचं बोलून राहिलो." वर त्या वकिलांनाच त्यांनी ऐकवलं, की जमिनीला बिक्वीद लावायचं नसतं, तिच्यासाठी इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे, बिक्वीद फक्त उचलून नेता येईल अशा वस्तूचं. साडभाऊंना टीचभर जमीन नव्हती, त्यामुळे हा नियम त्यांना अगदी सोयीचा होता. वकिलांनी जाता जाता त्यांची छत्री मागितली, आणि ती त्यांना रीतसर मिळाली.

या वेडाच्या मुळाशी काय आहे ते मला ताईंनी सांगितलं. ताई म्हणजे साडभाऊंच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण. साडभाऊंचे वडील गेले तेव्हा हे ड्यूटीवरून धावत दवाखान्यात पोचले होते. वडिलांचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते, मुलाचा हात त्यांनी घट्ट धरला होता. काहीतरी सांगायचं होतं. शब्द काही आला नाही. "ते काय असंन, हेच इचार करत बसतेत हे अजून," ताई म्हणाल्या, "म्हून सारं आधीच सांगून ठेवतेत." मला एकदम भरून आलं. त्यानंतर त्यांनी मला जुना रेडिओ बिक्वीद केला असता तर मी दोनदा 'ऐकलं' म्हणालो असतो. पण त्यांनी मला काहीच दिलं नाही. मी चेष्टेत विचारलं की म्हणत, "तुमच्यासाठी एक वस्तू ठेवली हाय, साडभाऊ. वेळ आली का सांगीन."

आता सासऱ्यांकडे येतो, कारण साडभाऊंची खरी लढाई तिथे झाली. आम्ही दोघंही जावई त्यांना मामाजी म्हणत असू. कुहीच्या पुढे त्यांचं गाव, धानाची शेती, दावणीला बैल. पोट फुगलेल्या बैलाला उतार द्यावा तो मामाजींनीच, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. हिरवा चारा जास्त खाऊन बैल नगाऱ्यासारखा फुगला, मान टाकून धापा टाकायला लागला, की लोक बैलबंडी घेऊन मामाजींना न्यायला येत. मामाजी गोठ्यात शिरत, सगळ्यांना बाहेर काढत, दाराला घोंगडी लावत, आणि थोड्या वेळाने बैल ढेकर देऊन उभा राही. आत काय होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. हे औषध त्यांना त्यांच्या बापाने अखेरच्या घडीला कानात सांगितलं होतं, आणि तशीच रीत होती. बापाने मुलाला सांगायचं, तेही जायच्या वेळी, तेही कानात. एरवी कुणाला सांगितलं की औषधाचा गुण जातो. मामाजींना मुलगा नव्हता. मुली परक्या घरच्या, आणि जावई तर काय, एक राखेत बसणारा आणि एक फायलीत. म्हणजे औषध मामाजींबरोबर जाणार, हे गावाने मुकाट्याने गृहीत धरलं होतं.

साडभाऊंना हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता उठून उभे राहिले. "मामाजी, हे उचलून नेता येते. हे बिक्वीद होते. किंबहुना बोलल्याबिगर हे देताच येत नाही!" मामाजी पानातलं वरण कालवत म्हणाले, "सांगतलं का गुण जाते, जवाईबापू." साडभाऊंनी क्वेदन, क्वोथ, चार लोक, सगळं ऐकवलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, "तुमच्या त्या इंग्रजायपाशी बैल होते का?" हे काही साडभाऊंच्या कोशात नव्हतं. नागपूरला आल्यावर ते सुट्टी काढून ग्रंथालयात जाऊन बसले आणि पुढच्या खेपेला घरात पाऊल ठेवायच्या आधी अंगणातूनच ओरडले, "होते, मामाजी! नांगराले बैलच होते त्यायचे!" मामाजींच्या चेहऱ्यावर जरा फरक पडला. ज्यांच्याकडे बैल होते ते लोक अगदीच टाकाऊ नसणार, असं त्यांना वाटलं असावं. "फुगत होते का?" त्यांनी विचारलं. "फुगल्याबिगर राहतीन का? तिकडचं गवत तं बारा महिने ओलं!" मामाजी हसले, पण तोंड काही उघडलं नाही.

आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात मामाजींच्या अंगावरून लकव्याचा वारा गेला. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, आणि जीभ जड होऊन बोलणं बंद झालं. साडभाऊ दवाखान्यात त्यांच्या खाटेशी बसून राहिले. म्हाताऱ्याचे ओठ हलत आणि शब्द येत नसे. ते पाहून साडभाऊ व्हरांड्यात येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहत. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाले, "पुन्हा तेच होऊन राह्यलं, साडभाऊ." औषधाचं त्यांनी नावही काढलं नाही. देवाची कृपा, हळूहळू मामाजींची वाचा परत आली. शब्द जरा घसरत, हात थरथरे, पण माणूस बोलायला लागला. घरी आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बैलायले चारा टाकला का?"

श्रावण अमावास्येला पोळा आला. आमच्याकडचा पोळा म्हणजे नुसती बैलांची पूजा नव्हे. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली, अशा जोड्या गावच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात, आणि पोळा फुटण्याआधी, म्हणजे तोरण तुटून जोड्या घरोघर सुटण्याआधी, गावकरी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे वरच्या पट्टीत ओरडून म्हणायची कविता. त्यात कुणालाही काहीही ठोकून द्यायची मुभा असते, सरपंच असो की सावकार, रागवायचं नाही. झडती संपली की सगळं गाव 'हर बोला, हर हर महादेव' करतं. त्या वर्षी मामाजी काठी टेकत तोरणाखाली आले होते, आपल्या हिऱ्या नावाच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. दोन-चार झडत्या झाल्या, आणि टेरिलिनच्या पँटमधले आमचे साडभाऊ गर्दीतून पुढे आले. एक हात कानावर ठेवून त्यांनी जी आरोळी ठोकली, तिने पुढची जोडी दोन पावलं मागे सरली:

"कोराडीच्या चिमणीतून धूर निंगे मोकळा,
सासऱ्याच्या पोटामंदी अडकला हो गोळा!
बैलाचं पोट फुगलं तं सासरा धावत जाते,
सासऱ्याचंच फुगलं पोट, औषध कोन देते?
हर बोला, हर हर महादेव!"

गाव हसायच्या बेतात होतं आणि हसू शकत नव्हतं. जावयाने सासऱ्यावर, तेही लकव्यातून उठलेल्या सासऱ्यावर, भर पोळ्यात झडती म्हणावी! माझी बायको पदर तोंडात धरून उभी. मामाजी साडभाऊंकडे बघत राहिले. साडभाऊंचे डोळे भरलेले होते, पण मान ताठ होती. मग म्हाताऱ्याने काठी हिऱ्याच्या मानेला टेकवली, थरथरता हात कानावर ठेवला, आणि घसरत्या जिभेने, पण खणखणीत, सुरू केलं:

"जवसाचं तेल अर्धा शेर, ओवा त्यात मूठभर,
हिंगाचा खडा बोराएवढा, पाजा कोमट झाल्यावर!
निंबाची काडी आडवी बांधा बैलाच्या तोंडात,
पुढचे पाय उंचवट्यावर, मांगचे पाय खोलात!
इतकंच हाय, इतकंच होतं, बापानं मले सांगतलं,
जवायाच्या इंग्रजीनं आज बिक्वीद झालं!"

'हर बोला' म्हणायचं कुणालाच सुचलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या घोंगडीआड असलेलं औषध असं चव्हाट्यावर आलं होतं, आणि त्यातला प्रत्येक जिन्नस प्रत्येकाच्या घरात होता. त्या शांततेत एकट्या साडभाऊंचा आवाज आला, "ऐकलं, मामाजी! ऐकलं!" मग सगळं गाव गरजलं, "ऐकलं!" बैल बिथरले, तोरण तुटलं, आणि त्या वर्षीचा पोळा असा फुटला.

आता गुण गेला की राहिला, एवढाच प्रश्न होता. तोही साडभाऊंनीच सोडवला, अगदी त्यांच्या पद्धतीने. आनंदाच्या भरात ते हिऱ्याच्या गळ्यात पडले आणि त्याला पुरणपोळ्या चारत सुटले. घरची परात संपली तेव्हा शेजारची आणली. बैलाने कधी नाही म्हटलंय? दिवेलागणीला हिऱ्या तट्ट फुगला, पाय ताणून, जीभ काढून धापा टाकायला लागला. साडभाऊ पांढरेफटक पडले. मामाजी ओट्यावर बसले होते, ते उठलेच नाहीत. "माहा हात नाही लागत आज," ते म्हणाले. "मी लावला अन् तो उठला तं कसं समजन, गुण माह्या हाताचा का औषधाचा? तू कर, माय." हे ते ताईंना म्हणाले होते. परक्या घरी दिलेल्या लेकीला.

ताईंनी पदर खोचला. तेल कोमट झालं, ओवा पडला, हिंग पडला. सगळं गाव गोठ्यात शिरलेलं, आज दाराला घोंगडी नव्हती, आणि जो तो झडतीतली एकेक ओळ ओरडून ताईंना सांगत होता. निंबाची काडी तोंडात आडवी बांधली. पुढचे पाय गव्हाणीजवळच्या उंचवट्यावर चढवायला माझ्यासारखा फायलीतला माणूससुद्धा खांदा लावून उभा होता. साडभाऊ मागे शेपटी धरून पुटपुटत होते, मराठीत की जुन्या इंग्रजीत, देव जाणे. हिऱ्या काडी चावत राहिला, चावत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. साडभाऊंनी डोळे मिटून घेतले. आणि मग आला तो ढेकर! कोराडीच्या भोंग्याने लाजावं असा! गोठ्यातल्या कंदिलाची वात हलली, हे मी शपथेवर सांगतो. लोकांनी ताईंना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. मामाजी भिंतीला धरून आत आले, हिऱ्याच्या पोटावर हात फिरवला आणि थोरल्या जावयाला म्हणाले, "गुण नाही गेला गा. सांगतलं तरी नाही गेला." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. साडभाऊ त्यांच्याहून मोठ्याने.

मामाजी त्यानंतर दोन-तीन पोळे पाहून गेले, मोकळ्या पोटाने गेले. साडभाऊंनी मात्र एकही पोळा चुकवला नाही. दरसाल ते कोराडीहून येत, तोरणाखाली उभे राहत आणि मामाजींची ती औषधाची झडती अखेरच्या 'बिक्वीद'सकट म्हणत, आणि गाव 'ऐकलं' म्हणून गरजे. आजूबाजूच्या गावांतही ती झडती पोचली. तो शेवटचा शब्द कुठला, कुणाला माहीत नाही. बहुतेकांना तो महादेवाचंच एखादं नाव वाटतो.

मग एके सकाळी कॉलनीत चहाचा कप हातात असतानाच साडभाऊ गेले. स्कूटर शेजाऱ्याकडे गेली, फॅन आमच्याकडे आला, कशावरूनही दोन माणसांत शब्द झाला नाही, कारण ज्याचं त्याने आधीच ऐकलेलं होतं. मी ताईंना विचारलं नाही, पण त्याच म्हणाल्या, "साऱ्यायले सांगून झालं होतं त्यायचं. तुमचंच तेवढं राह्यलं वाटते." मला वस्तू नको होती. पण ज्या माणसाने आयुष्यभर सांगण्याचाच ध्यास घेतला, त्याने नेमकं मलाच सांगायचं राहून जावं, हे मनाला लागून राहिलं.

त्या वर्षी पोळ्याला मी गावी गेलो तो नुसता ताईंना सोबत म्हणून. तोरणाखाली जोड्या लागल्या, झडत्या सुरू झाल्या, आणि औषधाच्या झडतीची वेळ आली तेव्हा सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कुणी नव्हतं. गावचे म्हातारे पाटील म्हणाले, "म्हणा ना, धाकटे जवाई. तुमाले ठाऊक नाही का? मांगच्या साली पोळा फुटल्यावर तुमी घरी जेवाले गेले होते, तवा तुमच्या साडभाऊनं इथंच उभं राहून सांगतलं, माह्या मांगं ही झडती माह्या साडभाऊची. साऱ्यायनं ऐकलं."

साऱ्यांनी ऐकलं होतं, मी सोडून. कचेरीत ज्याने कधी आवाज चढवला नाही, त्या माझ्या गळ्यात त्यांनी वस्तू बांधली होती ती ही! मी तोरणाखाली गेलो, कानावर हात ठेवला आणि ओरडलो. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला, पण पुढचा एकही शब्द चुकला नाही. 'बिक्वीद झालं' म्हणालो तेव्हा सगळं गाव गरजलं. ते शांत झाल्यावर मला एकदम आठवलं, की माझं एक म्हणायचं राहिलं आहे, आणि ते आल्याशिवाय साडभाऊ काही खाली बसायचे नाहीत.

मी मोठ्याने म्हणालो, "ऐकलं, साडभाऊ."